दीव पायी हिंडलेल्या बडोदेकरांनो, लिहा

बडोद्यात 'दीवला चाललोय' म्हटलं की समोरचा गालातल्या गालात हसतो. गुजरातेत दारूबंदी, दीव केंद्रशासित. लोक तेवढ्यासाठी जातात आणि नागोआच्या किनाऱ्यावरूनच परततात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. सव्वाचारशे वर्षं पोर्तुगीजांकडे असलेलं, १९ डिसेंबर १९६१ला मुक्त झालेलं हे बंदर पायी बघायचं गाव आहे. किल्ला, गल्ल्या, चर्च, जे पाहिलंत ते लिहा. हॉटेलांचे दर नकोत.

दांडिया बाजार, बडोदा
पावागडला आम्ही लहानपणापासून जातो. पायथ्याच्या चांपानेरचं दीवशी काय नातं, हे मात्र दीवला जायच्या आधी वाचलं तेव्हा कळलं. १५३५ साली हुमायूनने चांपानेर घेतलं. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने दीव गाठलं आणि मोगलांविरुद्ध मदत मिळावी म्हणून पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधू दिला. दोनच वर्षांत, १५३७ला, त्यांच्याच जहाजावरून परतताना तो याच समुद्रात मारला गेला. मग गुजरातच्या फौजांनी १५३८ आणि १५४६ला वेढे घातले, पहिल्यात तर तुर्की आरमारही होतं. किल्ला पडला नाही. का, ते तटावर उभं राहिलं की समजतं: तीन बाजूंना पाणी आणि जमिनीच्या बाजूला खोल खंदक. बुरुजावर काशाच्या तोफा अजून आहेत. एकीच्या पाठीवरची पोर्तुगीज अक्षरं मी बोटांनी चाचपली. काही ठसठशीत, काही खाऱ्या वाऱ्याने पार पुसट झालेली. पावागडावर जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा हा किल्ला बघावाच.

मकरपुरा
सासूबाई बरोबर होत्या. किल्ल्यात सावली फार कमी, पाणी जवळ ठेवा. गुडघे दुखत असतील तर धक्क्यावर बसून खाडीतला पाणीकोठा, म्हणजे पाण्यातला छोटा किल्ला, बघावा, त्या तिथे खूप रमल्या.

राजमहेल रोड
दांडिया बाजारचे दादा, तुमच्या बहादूरशहानेच १५३४ला वसईही पोर्तुगीजांना दिली होती. ती चिमाजी आप्पांनी १७३९ला घेतली, दीव मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं. वसईची छप्पर नसलेली चर्चं मी पाहिली आहेत, म्हणून दीवच्या सेंट पॉलमध्ये पाऊल टाकलं आणि जागीच थांबलो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीची वास्तू, आत लाकडाचं दाट कोरीवकाम, आणि तिथे आजही प्रार्थना होते. सेंट थॉमसमध्ये संग्रहालय आहे, लाकडी मूर्तींसाठी जा. सेंट फ्रान्सिसमध्ये दवाखाना असायचा, ते आम्ही बाहेरूनच पाहिलं.

कारेलीबाग
किल्ल्याबद्दल सगळे लिहितात, गल्ल्यांबद्दल कुणी नाही! जुन्या गावात नगरशेठ हवेलीच्या आसपास सकाळी फिरा. गुजराती व्यापाऱ्यांची घरं, पण खिडक्या-सज्जांवर पोर्तुगीज वळण. माना वर करूनच चालावं लागतं. तिथून पश्चिमेला गावाच्या तटाचा झांपा दरवाजा. त्यावर सिंह, देवदूत आणि एक पाद्री कोरलाय, गाडीतून गेलात तर दिसणार नाही. तटाबाहेर जवळच नायडाच्या गुहा, किल्ल्यासाठी दगड इथूनच काढला असं सांगतात. वरच्या भोकांतून ऊन आत उतरतं, तेव्हा दुपारी जायला हरकत नाही. आम्ही रात्रीच्या बसने ऊना गावामार्गे पोचलो होतो. उजाडता उजाडता गल्ल्या, उन्हं चढायच्या आत किल्ला, असं केलंत तर कुठेच घाई होणार नाही.