निकॉन डी५६०० कॅमेऱ्यावर पोर्ट्रेटसाठी ५० मिमी लेन्स घ्यावी की ८५?

मोगरा:
सध्या किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली) १८-५५ आहे. पोर्ट्रेट बहुतेक घरातच, १० बाय १२ फुटांच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० च्या खाली येत नाही. जो तो ८५ एफ/१.८ सुचवतो (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; लहान आकडा, जास्त उजेड). एकच लेन्स परवडेल. कुठली घेऊ?

छायावेडा:
५०. ८५ ची शिफारस बहुधा फुल फ्रेमवाले (३५ मिमी फिल्मएवढा मोठा सेन्सर वापरणारे) करतात. तुमचा सेन्सर क्रॉप आहे, म्हणजे त्याहून लहान, म्हणून १.५ ने गुणा: ८५ चं दृश्य १२८ सारखं, ५० चं ७५ सारखं. समोरच्याला भिंतीपासून मीटरभर पुढे बसवायचं (नाहीतर मागची भिंत धूसर होणारच नाही), तुम्हाला उभं राहायला जागा हवी. मध्ये उरतात दोन मीटर. तिथून कॅमेरा उभा धरला तर ८५ मध्ये साधारण ५५ सेंटीमीटर मावतं, डोकं आणि खांदे. ५० मध्ये ९४, म्हणजे कमरेपर्यंत. पूर्ण उभा माणूस हवा तर ५० ला सव्वाचार मीटर लागतात, ८५ ला सातच्या वर.

पैसे घालण्याआधी किट लेन्स ५० वर ठेवा आणि झूमला हात न लावता फोटो काढून बघा.

काचबिंब:
सहमत. पण सारखं एफ/१.८ वर काढू नका. ५० ने दीड मीटरवरून जेमतेम साडेसहा सेंटीमीटर खोलीच फोकसमध्ये राहते, एक मीटरवरून तीनच. चेहरा जरा तिरका झाला की एक डोळा स्पष्ट, दुसरा पुसट. एफ/२.८ ठेवा, फोकसचा सिंगल पॉइंट (एकच बिंदू) कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर. किटच्या एफ/५.६ पेक्षा तरीही चौपट उजेड मिळतो. ६४०० चं काम १६०० वर होईल. शटर १/१२५ च्या खाली नेऊ नका, या लेन्सना व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही. आणि मीटरच्या आत शिरू नका. नाक मोठं दिसतं ते अंतरामुळे, कुठलीही लेन्स लावा.

सह्यकडा:
५० घेताना शेवटचं अक्षर वाचा. 'डी' लेन्समध्ये फोकसची मोटर नाही आणि डी५६०० च्या बॉडीतही नाही, त्यामुळे फोकस हातानेच करावा लागतो. एएफ-एस ५० एफ/१.८ 'जी' मागा.

वापरलेली घेत असाल तर मागून मोबाइलचा टॉर्च मारून समोरून तिरकं बघा. आत बारीक धागे दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. मग ट्रायपॉडवर, एफ/१.८ ला, एकाच वस्तूचा एक फोटो व्ह्यूफाइंडरने आणि एक लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून) काढा. लाइव्ह व्ह्यूचा सतत जास्त स्पष्ट येत असेल तर फोकस पुढेमागे पडतोय. डी५६०० मध्ये फाइन-ट्यून (लेन्सप्रमाणे फोकस किंचित पुढेमागे करायची सोय) नाही, मेन्यूतून ते सुधारता येत नाही. दुसरी लेन्स शोधा.