कनात, कारेझ की नहर?

अनुवादिनी:
इराणमधल्या प्राचीन पाणीव्यवस्थांवरचा लेख मराठीत करतेय आणि पहिल्याच शब्दाला अडलेय. तिथल्या भुयारी पाटाला 'कनात' म्हणतात. आपली कनात म्हणजे तंबूची कापडी भिंत! "गोनाबादची कनात सुमारे ३३ किलोमीटर लांब" असं लिहिलं की मांडवच डोळ्यांपुढे येतो. शिवाय एखादी जुनी गोष्ट किती वर्षांपूर्वीची हे काढण्याला, म्हणजे इंग्रजी 'डेटिंग'ला, मी 'कालनिश्चिती' लिहिलं, संपादकांनी 'कालमापन' केलं. बरोबर कोणतं?

खडकीकर:
सरळ 'नहर' लिहा. मलिक अंबरने खडकीला (म्हणजे पुढच्या औरंगाबादला) आणलेली नहर-ए-अंबरी याच विद्येतली. आमच्या घरी आजी सकाळी आधी "नहर आली का गं?" असंच विचारायची.

मुळाक्षर:
नहर उघडीही असते. कनातीचं सगळं मर्म भुयारात आहे. डोंगराच्या पायथ्याशी खोल मूळ विहीर (फारसीत मादर-चाह), तिथून अगदी बेताच्या उताराचा बोगदा, वाटेत ओळीनं विहिरी, आणि शेवटी पाणी आपसूक उजेडात. 'कारेझ' घ्या, इराणच्या ईशान्येकडच्या खोरासानातही चालतो आणि आपल्या बिदरलाही. आपलं 'कारंजं' त्यावरूनच आलं असणार, असं माझं ठाम मत आहे.

ओवी:
नुसत्या उच्चारावरून व्युत्पत्ती लावू नये. कारेझचं पाणी उतारानं वाहतं, कारंज्याचं वर उसळतं. जुन्या कागदांत दोन्हींना जोडणारा एखादा शब्दप्रयोग सापडला तर दाखवा.

जुनी माती:
संपादकांच्या बाजूनं एक मत. विहीर खणताना निघालेली माती तोंडाभोवती कड्यासारखी साचते. तिच्याखाली गाडल्या गेलेल्या वाळूच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला, हे प्रयोगशाळेत काढता येतं. खोरासानातल्या मियाम कनातीचं वय असं ३६०० ते ४३०० वर्षं आलं. सातशे वर्षांचं अंतर असताना 'निश्चिती' कशी म्हणायची? त्यात मुकन्नी, म्हणजे कनात खणणारे, गाळ उपसून त्याच कड्यावर टाकत आलेत. वरची माती घेतली तर बांधणीचं नाही, उपशाचं वय हाती येतं.

अनुवादिनी:
पण मोजतात ती गाडल्यापासून कणात साठलेली ऊर्जा, काळ नव्हे. मग 'मापन' तरी कुठे बसतं?

खडकीकर:
'वय काढणे' म्हणा ना! बाजारात जनावराचे दात बघून वय काढतातच की. तिथेही अंदाजच असतो आणि ऐकणाऱ्याला तो कळतो.

मुळाक्षर:
शास्त्रीय लेखाला पारिभाषिक शब्दच हवा. 'कालनिर्धारण' करा.

ओवी:
निर्धारण म्हणजे पुन्हा निश्चितीच झाली. 'वय काढणे'मध्ये काय अशास्त्रीय आहे? युनेस्कोने २०१६ साली ११ इराणी कनाती जागतिक वारशात घेतल्या, त्या 'कनात' या बोलीतल्या नावानंच.

मुळाक्षर:
नाव वेगळं, परिभाषा वेगळी.

जुनी माती:
बुऱ्हाणपूरला याच धाटणीची व्यवस्था आहे, कुंडी भंडारा, १६१५ च्या सुमाराची. तिथे या विहिरींना 'कुंडी' म्हणतात. लेखात ओळीनं येणाऱ्या विहिरींना तेच वापरता येईल.

अनुवादिनी:
कुंडी म्हटलं की आमच्याकडे तुळस आठवते हो.

खडकीकर:
तुळशीचं वृंदावन असतं, कुंडी नव्हे.

ओवी:
फ्लॅटमध्ये कुंडीच असते.