‘ब्लॅक ब्यूटी’ म्हणे गोड घोड्याची गोष्ट!

खरारा
काल सुट्टीतल्या वाचनाच्या यादीत ‘ब्लॅक ब्यूटी’ दिसलं. पुढे शेरा : "आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी गोड घोड्याची गोष्ट." यादी करणाऱ्यांनी ते उघडून तरी पाहिलंय का?

गेल्या मे महिन्यात अशाच एका शिफारशीवरून मी लेकीला दिलं. जिंजर नावाची घोडी लंडनमध्ये भाड्याच्या गाडीला जुंपून जुंपून खलास होते. पुढे एकदा गाडीवरून मेलेलं तांबूस घोडं नेताना दिसतं, मान खाली लोंबतेय. गोष्ट सांगणाऱ्या घोड्याला वाटतं, ती जिंजरच असू दे, म्हणजे सुटली बिचारी. लेक रात्री साडेदहाला आमच्या खोलीत आली आणि पुस्तक फ्रिजवर ठेवायला लावलं. ॲना स्यूएलने १८७७ साली हे लिहिलं ते घोडे हाकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. मुलांच्या कपाटात ते आपण कोंबलं.

मुलुंडची_आई
यादी माझीच. आणि हो, तीनदा वाचलंय. रडली तर रडली! माझा मुलगाही रडला. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या वरातीतल्या घोडीसमोर उभा राहून म्हणाला, "हिच्या तोंडातलं लोखंड टोचत असेल ना?" दहा व्याख्यानांनी हे झालं नसतं.

तासाची_घंटा
मी पाचवीला मराठी शिकवते, माझी तक्रार वेगळीच. घोडा बोलतो यात नवल काय? आमच्याकडे मुलांच्या निबंधांत फळा बोलतो, छत्री बोलते, एसटी स्टँडही बोलतो, आणि सगळे गाईडमधलंच बोलतात! "मी तुमची लाडकी छत्री" इथून सुरुवात, "माझी काळजी घ्या" इथे शेवट. हे पुस्तक वर्गात थोडं थोडं वाचून दाखवल्यावर एका मुलीने लिहिलं, "मला ओली मिटून कोपऱ्यात ठेवतात, रात्रभर माझ्या काड्या गंजतात." चाळीस वह्यांत तेवढं एक वाक्य तिचं स्वतःचं होतं. त्यासाठी शंभर जिंजर मेल्या तरी चालतील.

खरारा
शंभर मेल्या तरी चालतील! बाई, धन्य आहे.

घाटावरचा
पुस्तक वाचलेलं नाही, वाचणारही नाही. पण शहरातल्या लोकांना जनावर कागदावर दिसलं की उमाळे येतात. २०१४ ला कोर्टाने बैलगाडा शर्यती बंद केल्या तेव्हा तुम्हीच टाळ्या पिटल्या ना? डिसेंबर २०२१ ला कोर्टाने परवानगी देईपर्यंत शर्यतीचे घाट ओस. दावणीला रोजचा खुराक चालूच, कमाई शून्य. चुलत्याने पोटच्या पोरासारखा वाढवलेला खिल्लार खोंड मातीमोलाने विकला. कुठं गेला ते विचारू नका.

खरारा
विषय कुठे, तुम्ही कुठे! आणि शेपट्या पिरगाळणं, चावणं, पराणी टोचणं, हेही पोटच्या पोरासारखंच का?

घाटावरचा
तोंड सांभाळून. आमच्या दावणीला पराणी नव्हती. शेपटी पिरगाळणारे घाटात होते, खोटं कशाला बोलू. पण त्या चार जणांपायी सगळ्यांना कसाई ठरवता? २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा उचलून धरला, तो काय उगाच?

मुलुंडची_आई
दादा, पुस्तकात हेच आहे हो. बग्गीवाली श्रीमंत बाई निव्वळ ऐटीसाठी घोड्यांच्या माना लगामाने वर ताणून बांधायला लावते, आणि जेरी नावाचा गरीब गाडीवान घोड्याला जिवापाड जपतो, रविवारी जुंपतच नाही. जनावर पाळणारा वाईट असं स्यूएलबाईंनी कुठेही म्हटलेलं नाही.

घाटावरचा
मग ते पोरांना कशाला देता? पोरं काय घोडे हाकतात? आमच्या खोंडवाल्यांना वाटा.

खरारा
पहिल्या ओळीपासून मी दुसरं काय सांगतोय? अमेरिकेत १८९० साली नेमकं तेच केलं, गाडीवानांना फुकट वाटलं. तुमच्याशी माझं जुळेल असं सकाळी वाटलं नव्हतं.

मुलुंडची_आई
जुळलं का तुमचं? छान. ‘गोड’ काढते. वय दहा लिहिते.

खरारा
बारा.

मुलुंडची_आई
दहा, आणि ‘मोठ्यांनी सोबत बसून वाचावं’. भाजी घेताय का?

तासाची_घंटा
माझ्या छत्रीबद्दल कुणी काही बोललंच नाही.

घाटावरचा
वाचणार नाही म्हटलंय, नाहीच वाचणार. तो घोडा शेवटी चांगल्या दावणीला जातो का, तेवढं सांगा.