नुसतं 'चाफा' म्हटलं की कोणता?

गेल्या पावसाळ्यात सासूबाई म्हणाल्या, "अंगणात एक चाफा लाव गं." दुसऱ्याच दिवशी मी रोप घेऊन आले. त्यांनी जाड खोडाकडे पाहिलं, पान खुडलं, पांढरा चीक बोटाला लागला. "अगं, हा देवचाफा. मी चाफा म्हणाले होते!" त्यांच्या मनात सोनचाफा होता. माझं सगळं बालपण नाशिकमध्ये गेलं आणि माझ्यासाठी चाफा म्हणजे देवळाच्या आवारातला, पाच पाकळ्यांचा, मधोमध पिवळसर असलेला पांढरा. एकाच घरात, एकाच शब्दाचे दोन अर्थ.

शब्द आला तो संस्कृत 'चंपक'वरून. जुन्या पुस्तकांत 'चांफा' असं छापलेलं दिसतं, त्या टिंबात चंपकातला 'म्' शिल्लक होता. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, तेव्हा तोही गेला. संस्कृतातला चंपक म्हणजे सोनचाफाच. देवचाफा मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला, म्हणजे तो इथे यायच्या कितीतरी आधीपासून हा शब्द सोनचाफ्याचा होता. सासूबाईंचा अर्थ जुना, माझा नवा.

याचा पुरावा रोजच्या बोलण्यातही आहे. 'चाफेकळी नाक' म्हणतो ना आपण? सोनचाफ्याची कळी सरळ, निमुळती, टोकदार असते. देवचाफ्याची कळी पीळ घातलेली. तिच्यासारखं नाक कुणालाच नको असेल! शिवाय तो शब्द 'चाफेकळी' असाच आहे. हल्ली 'चाफाकळी' कानावर येतं, पण आंबेहळद, घोडेस्वार यांच्यासारखा समासात 'आ'चा 'ए' होतो, आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं.

मग बाकीचे चाफे? कवठी चाफा सोनचाफ्याचा खरा भाऊबंद, वासाला पिकलेल्या कवठासारखा. नागचाफा म्हणजे नागकेशर, त्याचं लाकूड अतिशय कठीण. भुईचाफा तर हळदीच्या कुळातला, उन्हाळ्यात पानं यायच्या आधी थेट मातीतून फूल वर काढतो.

माझा सगळ्यांत लाडका हिरवा चाफा. तो सीताफळाच्या कुळातला. फुलाचा देठच आकड्यासारखा वाकलेला असतो आणि त्या आकड्याने वेल आधार धरत वर चढतो. फूल आधी पानाच्याच रंगाचं, त्यामुळे दिसतच नाही. ते पिवळं पडायला लागलं की पिकल्या फळासारखा वास सुटतो आणि माणूस नाकाने शोधत जातो. या वेलाचं सोनचाफ्याशी कुळाचं नातं नाही, चिकाच्या देवचाफ्याचं तर नाहीच. मराठीने झाडाचं कूळ पाहिलं नाही, सुगंध पाहिला आणि सगळ्यांना चाफा म्हटलं. मला हे फार आवडतं. ज्या नाशिकला मुघलांनी गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं शहर म्हटलं, तिथल्या लोकांना तरी हे पटेल!

रोपांवर आजकाल 'चंपा' लिहिलेलं असतं, तेही बहुतेक देवचाफ्यावर. चंपा शब्द मराठीला परका नाही, आपली चंपाषष्ठी आहे, मुलीचं नावही असतं. पण झाडाला चाफाच म्हणावं. आणि रोप घेताना पूर्ण नाव घ्यावं: सोनचाफा, देवचाफा, कवठी चाफा. सोनचाफा हवा असेल तर कलमी मागावा, बियांपासूनच्या रोपाला फुलं यायला बरीच वर्षं लागतात.

आम्ही नंतर कलम आणून लावलं. देवचाफाही फाटकापाशी आहे, थंडीत पानं गाळून नुसत्या फांद्यांनी उभा राहतो. सासूबाई अजूनही नुसतं 'चाफा' म्हणतात तेव्हा त्यांचा सोनचाफा असतो. माझी सहा वर्षांची मुलगी 'चाफा' म्हणते आणि फाटकाकडे पळते. तुमच्या घरात विशेषण न लावता कोणत्या झाडाला चाफा म्हणतात, आणि म्हणणाऱ्याचं वय काय, हे जरूर सांगा.