‘मला माहीत आहे’ म्हणजे नक्की काय माहीत आहे? (अनुभव सांगा)

अमेरिकेतल्या युटा राज्यात येऊन ६ वर्षं झाली. शेजार बहुतेक सगळा मॉर्मन, म्हणजे जोसेफ स्मिथने अमेरिकेत सुरू केलेल्या पंथाचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी ही मंडळी दोन वेळचं जेवण सोडतात आणि चर्चमध्ये ज्याला वाटेल तो माइकपाशी जाऊन साक्ष देतो. शेजारणीच्या आग्रहाने मीही गेले. चारेक वर्षांची मुलगी स्टुलावर उभी, बाबा कानात कुजबुजतोय, ती मागोमाग म्हणतेय, "मला माहीत आहे, हे चर्च खरं आहे." विश्वास आहे असं नाही, माहीत आहे! मोठी माणसंही डोळ्यांत पाणी आणून हेच म्हणत होती. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मी अडकले ती एका ‘म्हणून’पाशी: मन भरून आलं, म्हणून १८३० साली छापलेलं त्यांचं धर्मपुस्तक, ‘बुक ऑफ मॉर्मन’, देवाचं. तुम्ही कुठे अडकलात? टिंगल नको, स्वतःचं लिहा.

*

माझ्याकडे दोन मिशनरी मुलं यायची. पांढरे शर्ट, छातीवर काळी पाटी. त्यांच्या पुस्तकाच्या शेवटी मोरोनाय नावाच्या भागाचा दहावा अध्याय आहे: मनापासून विचारा, पवित्र आत्मा सत्य दाखवेल. ३ आठवडे रोज रात्री विचारलं. काहीच जाणवलं नाही. म्हणाले, "अजून मनापासून मागा." किती दिवस? "उत्तर येईपर्यंत." मी वहीत दोन रकाने आखले: उत्तर आलं तर पुस्तक खरं, नाही आलं तर माझ्या मनात खोट. "यात पुस्तक नापास कसं होईल, ते सांग." धाकटा बराच वेळ वहीकडे बघत राहिला. जाताना ते पान मागून घेतलं त्याने.

*

ऑफिसातला मॉर्मन मित्र डेटाचा माणूस. नमुना लहान असला की माझा रिपोर्ट परत पाठवतो. त्याच्याकडे अब्राहमच्या पुस्तकाचा, म्हणजे त्यांच्या आणखी एका धर्मग्रंथाचा, विषय काढला. १८३५ मध्ये इजिप्तच्या ममींबरोबर मिळालेल्या पपायरसवरून (तिथल्या जुन्या कागदावरून) जोसेफ स्मिथने त्याचं भाषांतर केलं, असं हे लोक मानतात. त्यातले काही तुकडे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडून चर्चला परत मिळाले. मजकूर निघाला अंत्यविधीचा, अब्राहमचं नावही नाही. हे चर्चनेही मान्य केलंय. मित्र म्हणाला, "मला प्रार्थनेत उत्तर मिळालंय, तेव्हा कुठेतरी जुळत असणारच."

*

हरवलेली किल्ली प्रार्थनेनंतर सापडली, ही साक्ष मी तीनदा ऐकली. माझ्या मैत्रिणीने मुलासाठी तशीच प्रार्थना केली होती. तो गेला. ती मागच्या बाकावर बसून किल्लीची गोष्ट ऐकत होती. मला फार राग आला.

*

मला हा धागा पटला नाही. माझं सिझेरियन झालं तेव्हा त्यांच्या बायकांनी १५ दिवस डबे दिले, आठवणीने अंडं टाळून. त्यांना तर्क शिकवायला मी जाणार नाही.

*

(धागाकर्ती) डबे खरे आणि मायाही खरी, मीही त्यांची ऋणी आहे. पण परवा माझी ९ वर्षांची लेक म्हणाली, "आई, मलाही छातीत ऊब वाटली, म्हणजे ते खरंच असणार ना?" तिला काय सांगू, म्हणून विचारतेय.

*

रात्रभर हेच डोक्यात होतं. भावाच्या नोकरीसाठी आईने सोळा सोमवार केले होते. नोकरी लागली, आई म्हणते प्रचिती आली. पण त्याआधी एकदा केले होते, तेव्हा लागली नव्हती. काल व्हिडिओ कॉलवर विचारलंच, "मग तेव्हा का नाही?"

"तेव्हा एका सोमवारी चुकून मिठाचं खाल्लं होतं रे मी."