दहा हजाराची सर्व्हिस: इस्टिमेटवर काट कुठं मारायची?

लातूरचा पेट्रोलवाला
मीटर दहा हजाराला टेकलं, वर्षही भरत आलं, म्हणजे तिसरी फ्री सर्व्हिस. फ्री म्हणजे मजुरी तेवढी फ्री, ऑइल-फिल्टरचे पैसे आपलेच. शोरूमच्या इस्टिमेटमध्ये ऑइल आणि ऑइल फिल्टरपर्यंत माझी तक्रार नाही. पण त्याखाली इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचा फवारा, अंडरबॉडी कोटिंग. गाडीच्या पुस्तकातल्या तक्त्यात यातलं एकही नाही. मी सगळ्यावर काट मारणार.

उलट ज्या एअर फिल्टरला ते 'हवा मारली की चालतंय' म्हणायलेत, तो मात्र बदलणार. तक्त्याखाली बारीक अक्षरात असतं: धुळीचा रस्ता, कायम जवळच्या फेऱ्या असतील तर कामं लवकर करा. ती ओळ कुणी वाचत नाही. कारखाने सुरू झाले की रेणापूरच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकून बघा, काच पुसूनही पुढचं दिसत नाही. आपण त्या ओळीत बसत नसू तर कोण बसतंय? पटत नसेल तर सांगा.

गोदाकाठ, नांदेड
निम्मं पटलं. पण एअर फिल्टरचं चुकायलंय. कागदी फिल्टरवर थोडी धूळ बसली की तो उलट बारीक कण जास्त अडवतो. पार चोंदला की मग हवा कमी पडते, तेव्हा बदला. आणि सारखा डबा उघडून बघणारे उघडतानाच धूळ आत सोडतात. सर्व्हिसला फिल्टर उजेडासमोर धरा, उजेड आरपार आला तर परत बसवा.

गॅरेजवाला मामा, परभणी
उजेडाचं ठीक आहे साहेब, पण हवा मारण्याचं काय? पोरं कॉम्प्रेसरची नळी थेट कागदाला लावतात, तीही मळक्या बाजूनं. धूळ आणखी रुतते, घडीत चीर पडते, मग फिल्टर असून नसल्यासारखा. मारायचीच तर आतल्या स्वच्छ बाजूनं, लांबून, कमी प्रेशरनं. त्यापेक्षा बदललेला बरा, किंमत काही फार नसते.

आणि ऑइलला दहा हजारापर्यंत थांबूच नका. नव्या इंजिनात धातूचा चुरा सुटतो. पाच हजाराला एकदा बदलून टाका.

कुंडलिका, जालना
मामा, हे चुऱ्याचं कार्बोरेटरच्या काळातलं झालं. आता मशिनिंग बारीक आहे, सुटतं ते ऑइल फिल्टर धरतो. वॉरंटीत इंजिन बसलं तर कंपनीलाच भरून द्यायचंय, तिला दहा हजार लिहायची काय हौस आहे?

लवकर बदलायचं तर वापर बघून बदला. समृद्धीवरून नागपूर गाठणाऱ्याचं इंजिन नीट तापतं, ऑइलमधलं पाणी वाफ होऊन निघून जातं. शाळा, भाजी मंडई, घर एवढंच करणाऱ्या माझ्यासारखीचं ऑइल पुरतं तापतच नाही. मीटरवर चार हजार असले तरी वर्ष झालं की बदलायचं. पुस्तकात 'जे आधी येईल ते' लिहितात ते यासाठीच.

गॅरेजवाला मामा, परभणी
परभणीच्या मे महिन्यात इंजिन तापत नाही म्हणता ताई?

कुंडलिका, जालना
बाहेर चव्वेचाळीस असले तरी ऑइलला नव्वद-शंभर लागतात, मामा.

बिंदुसरा, बीड
डिझेलवाल्यांना मात्र मामांचं ऐकावं लागतंय. बीएस-६ गाडीत डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यातली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. गाडी गावातल्या गावातच फिरत असेल तर ते काम अर्धवट राहतं आणि थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा, पातळी वर गेलेली दिसते. लोक खूश, 'आपली गाडी ऑइल खात नाही!' खात नाही, पण ऑइल पातळ झालंय. आणि बॅरलमधलं सुटं ऑइल अजिबात घालू नका, डीपीएफला कमी राखेचं लागतं. ग्रेड पुस्तकात असते.

नवा भिडू, धाराशिव
पण बाहेर ऑइल बदललं की वॉरंटी जाते ना?

गोदाकाठ, नांदेड
सरसकट नाही. २०१४ साली स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला, त्याच आदेशात हेही होतं की निव्वळ बाहेरच्या गॅरेजला गाडी दाखवली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नका. पुढं अपिलं झाली ती वेगळी गोष्ट.

बिंदुसरा, बीड
भाऊ, तो आदेश घेऊन काउंटरवर भांडत बसायला वेळ कुणाला आहे? वॉरंटी आहे तोवर शोरूमलाच जा, शिक्का मारून घ्या, बिल जपा. ती संपली की मामा आहेतच.

गॅरेजवाला मामा, परभणी
या की. तेवढं कूलंटमध्ये बोअरचं पाणी ओतून येऊ नका. आपल्याकडच्या जड पाण्यानं रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात, मग म्हणता गाडी गरम व्हायली.

लातूरचा पेट्रोलवाला
बिंदुसराभाऊंचं पटलं, शोरूमलाच जातोय. जॉब कार्डवर 'विचारल्याशिवाय जादा काम नाही' असं लिहून घेणार आणि जुने फिल्टर डिकीत टाकायला लावणार. गोदाकाठ, एअर फिल्टर मात्र नवाच बसवतोय. जुन्याचा फोटो टाकतो, उजेड दिसतोय का तुम्हीच बघा.

गोदाकाठ, नांदेड
टाका. दिसला तर फिल्टरचे पैसे वाया गेले म्हणून कबूल करायचं, आधीच सांगून ठेवतो.