वासराचं बरं चाललंय हे त्याच्या वागण्यावरून, म्हणजे उड्या मारतं का, खेळतं का यावरून ठरवायचं का?

मोहोळचा गोठेवाला
आमच्याकडे १४ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी दुधाळ जात) गाई. कालवडींची तब्येत आम्ही वजनाच्या टेपवर बघतो, छातीचा घेर मोजून वजनाचा अंदाज देणारी ती पट्टी. गेल्या महिन्यात मोठीनं धाकटीचा कान चोखून चोखून पार ओला केला होता, टोकाचे केस गेलेले. वजनं मात्र दोघींची झकास! चार लिटर दूध बादलीत, दोन मिनिटांत फस्त. आईला पिणारं वासरू एका वेळी सात-आठ मिनिटं चोखतं. ती ओढ भागेना म्हणून कान. निप्पलची बाटली आणली, दूध सहा लिटर केलं, कान सुटला. टेपला हे कधी कळलं असतं?

सांगोलेकर
म्हणजे रोज दोन लिटर डेअरीला कमी. त्याचा हिशोब मांडलात का? आणि उड्या मारतं ते सुखी, हे कुणी ठरवलं? आमचं खिलार खोंड दावं सुटलं की अर्धं गाव फिरून येतं. ते रक्तातच आहे, त्यात सुखाचा काय संबंध?

मोहोळचा गोठेवाला
खिलारची एचएफशी तुलना करूच नका. तेच वासरू काल कसं होतं ते बघा. शिंगं वाढू नयेत म्हणून त्यांचे कोंब डागले की ते खेळायचं थांबतं, कान झटकत राहतं. कॅनडात २०१३ साली वासरांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे रंग शिकवले होते, लाल आणि पांढरा. एकाकडे गेलं की दूध, दुसऱ्याकडे काही नाही. डागल्यावर ती मधल्या गुलाबी छटांकडे कमी जायला लागली. दुखत असलं की आशाच कमी होते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

निवृत्त जनावरांचा डॉक्टर
दोघंही जरा थांबा. मे महिन्यात दुपारी दोनला ‘वासरू मलूल पडलंय’ असा फोन मला दरवर्षी यायचा. अहो, लहान वासरू दिवसाचे सतरा-अठरा तास बसूनच असतं, त्यात आपलं सोलापूरचं ऊन! बघायचं तर ऊन उतरल्यावर बघा. आणि सांगोलेकर, बादली चाटून पुसून रिकामी झाली म्हणजे वासरू ठणठणीत, असंही नाही. अर्धपोटी वासरू आजारी असलं तरी दूध सोडत नाही, म्हणून हगवण लागेपर्यंत मालकाला पत्ता नसतो. पोटभर पिणारं दूध कमी करतं, तिथं लवकर कळतं.

सांगोलेकर
डॉक्टरसाहेब, पटलं. पण पहाटे चारला धार, सातच्या आत दूध संकलनावर. बघत बसायला माणूस कुठनं आणू? आणि गोऱ्ह्यांचं काय हो? कालवडीच्या कानावर एवढं लिहिलंत. गोऱ्ह्याला चीक तरी पोटभर पाजता का?

मोहोळचा गोठेवाला
चीक पाजतो. पुढं दोन लिटर, तेही बादलीत. खोटं कशाला बोलू? तो कुणाचा कान चोखत नाही, कारण पलीकडं एकटा बांधलाय. आत्ता जाऊन बघितलं, दाव्याचं टोक ओलं होतं.